हत्तीचे टाके

"आई, या हत्तीला टाके घातलेत."

माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी जो दगडी हत्ती उभा आहे, त्याच्यासमोर ती मान वर करून थांबली होती आणि त्याच्या पोटाकडे बोट दाखवत होती. मी पाण्याची बाटली पिशवीत कोंबत होते. तिचा बाबा पेंग्विनच्या रांगेचा अंदाज घ्यायला पुढे गेला होता. ऊन चढायच्या आत सगळं आटपायला हवं, एवढंच आमच्या दोघांच्या डोक्यात होतं. "हो गं, जुना आहे तो, चल," असं काहीतरी मी म्हणाले. ती जागची हलली नाही. "इथे एक आहे, तिथे एक आहे, आणि पोटावर तर केवढा मोठा. खूप लागलं असेल त्याला."

मग मीही मान वर केली. दगडाच्या तुकड्यातुकड्यांमधून सांधे गेलेले स्पष्ट दिसत होते. या हत्तीला मी माझ्या पाचव्या वर्षापासून ओळखते. दर मे महिन्यात बाबा आम्हा भावंडांना डोंबिवलीहून लोकलने भायखळ्याला आणायचे, आणि बागेत शिरलं की पहिला हा हत्ती भेटायचा. आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये तो तीन वेळा आहे. तरी त्याच्या अंगावरचे सांधे मी त्या दिवसापर्यंत पाहिले नव्हते.

घरी येऊन मी वाचलं. हा हत्ती घारापुरीचा. बेटाच्या किनाऱ्यावर तो उभा होता आणि त्याला पाहूनच पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिलं. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेन मोडली आणि तो कोसळला. ते तुकडे मग राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. म्हणजे त्याला खरोखरच टाके घातलेले आहेत. सहा वर्षांच्या मुलीने ते पाहिले होते, आणि इतिहास हा शाळेतला माझा आवडता विषय असूनही मी पस्तीस वर्षं त्याच्या शेजारून जात राहिले होते.

त्या दिवशी ती पहिल्यांदा बागेत आली असती, तर मी हे लिहायला बसले नसते. नव्या जागी मुलं डोळे विस्फारून बघतात, हे आपल्याला माहीतच आहे. पण ती तिची चौथी खेप होती. तीन वर्षांची असताना आणलं तेव्हा तिने बागेतला एकही प्राणी धड पाहिला नव्हता. माळीकाका रबरी पाइपने झाडांना पाणी घालत होते. पाइपला एक छिद्र होतं आणि त्यातून बारीक कारंजं उडत होतं. तिथून तिला उचलून न्यावं लागलं. पुढच्या वर्षी तिने कैलासपतीच्या झाडाखाली पडलेली फुलं गोळा केली आणि ही फुलं फांदीवर न येता थेट खोडावर का येतात, हे मला विचारलं. तिसऱ्या खेपेला पाणघोडा. हत्ती या तिन्ही खेपांना तिथेच होता. तिच्या यादीत त्याचा नंबर चौथ्या वर्षी लागला.

मुलांचं कुतूहल जागं ठेवायचं तर त्यांना सतत नवं काही दाखवत राहिलं पाहिजे, अशी समजूत आपल्या शहरांमध्ये घट्ट बसली आहे. आईबापांच्या बोलण्यात त्यासाठी 'एक्सपोजर' हा शब्द असतो. अमक्याने मुलांना सिंगापूर दाखवलं, तमक्यांनी बर्फ दाखवला, आपण अजून काहीच केलं नाही, ही टोचणी मला चांगली ओळखीची आहे. महापालिकाही याच समजुतीवर चालतात. दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी नवं 'आकर्षण' उभं करायचं, त्याचं उद्घाटन करायचं, आणि आधीचं आकर्षण गंजत पडू द्यायचं. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. मुलाला तीच जागा पुन्हा पुन्हा मिळाली पाहिजे. नवेपणा आणायचं काम ते स्वतः करतं, दर खेपेला ते स्वतःच वेगळं होऊन आलेलं असतं. त्याला गरज असते ती परत यायच्या वाटेची. आणि ही वाट मोकळी ठेवणं हे घरातल्या संस्काराइतकंच तिकिटाचं, वेळापत्रकाचं, फुटपाथचं आणि मातीचं काम आहे. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे.

माझा मामा पुण्याचा. मे महिन्यातले आठ दिवस त्याच्याकडे जायचे आणि त्यातली एक संध्याकाळ ठरलेली असायची: तळ्यातला गणपती, भेळ, आणि पेशवे पार्कातली फुलराणी. ही छोटी आगगाडी १९५६ पासून त्याच बागेत धावते आहे. पुढे तिथले प्राणी कात्रजला गेले, बागेचं रूप बदललं, गाडी राहिली. त्या गाडीला जायला कुठे दूरचं गाव नाही. ती फेरी मारते आणि जिथून निघाली तिथेच येते. कठड्याबाहेर उभे असलेले आईबाबा आपल्याला आत्ताच दिसले होते, हे मुलांना ठाऊक असतं. तरी वळण घेऊन गाडी परत आली की डबाभर हात वर होतात, आणि दर वेळी तितक्याच जोरात. कोणी तरी खूप लांबच्या प्रवासाहून परतावं, तसे चेहरे असतात. मी आईला हात केला होता, माझ्या लेकीने मला केला. त्या गाडीने मुलांना नवं काय दाखवलं, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

रोज रात्री तीच गोष्ट सांगायला लावणारं मूल प्रत्येक घरात असतं. आपण कंटाळून एखादं वाक्य गाळलं की ते पकडतं. गोष्ट पाठ झाली की मगच त्याला तिच्यात हिंडता येतं. कोल्ह्याने असं का केलं, हा प्रश्न विसाव्या रात्री येतो. जागेचंही तेच आहे. पहिल्या भेटीत गर्दी, आवाज, भूक, हरवायची भीती यांतच मूल गुंतलेलं असतं. वाट ओळखीची झाली, शौचालय कुठे आहे ते कळलं, आई कुठे बसणार ते ठरलं, की डोळे मोकळे होतात. आपल्या मोठ्यांचं नेमकं उलटं होतं: वाट ओळखीची झाली की आपण बघणं थांबवतो. रोजच्या जगण्यात ते उपयोगीही असतं, नाहीतर ऑफिसला वेळेवर कोण पोचेल? पण आपल्या या सवयीवरून आपण मुलांच्या सहली आखतो, तिथे चूक होते. 'तिथे काय, तेच तर आहे' हे वाक्य नेहमी मोठ्यांच्या तोंडून येतं.

आता तिकिटाबद्दल. २०१७ च्या मार्चमध्ये राणीच्या बागेत पेंग्विन कक्ष खुला झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून प्रवेशशुल्क वाढलं. आधी मोठ्यांना पाच रुपये आणि मुलांना दोन रुपये होते. ते पन्नास आणि पंचवीस झाले. आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला सवलतीचं एकत्र तिकीट शंभर. तेव्हा बराच वाद झाला आणि मग सगळे गप्प बसले, कारण शंभर रुपये हा आकडा आपल्यातल्या बऱ्याच जणांना मोठा वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. मॉलमधल्या खेळघरात अर्ध्या तासाला याहून जास्त जातात, वॉटरपार्कची तर गोष्टच सोडा.

पण पाच रुपयांत जाता येणारी जागा आणि पन्नास रुपयांत जाता येणारी जागा यांत फरक फक्त पंचेचाळीस रुपयांचा नसतो, बघण्याची रीतही बदलते. पाच रुपयांत आत गेलेला माणूस झाडाखाली सतरंजी पसरून झोपू शकतो. त्याचं मूल दोन तास मुंग्यांची रांग बघू शकतं आणि एकही प्राणी न बघता घरी जाऊ शकतं, कारण पुढच्या महिन्यात परत यायला कोणाची हरकत नसते. कुटुंबाचे शंभर, शेजारची मावशी तिच्या मुलांना घेऊन आली तर तिचे वेगळे, गाडीभाडं, वडापाव, पाण्याची बाटली, आइसफ्रूट असं सगळं धरलं की भायखळ्याच्या किंवा धारावीच्या एका खोलीतल्या घरासाठी ही वर्षातून एकदाची गोष्ट होते. आणि वर्षातून एकदा म्हटलं की 'पैसे वसूल' हा शब्द येतो. वाघ झाला का, पेंग्विन झाले का, अजून पक्षी राहिलेत, चल लवकर. मूल पाइपच्या छिद्रापाशी थांबलं की बापाचा जीव वरखाली होतो. तो बाप वाईट नसतो. महिन्याच्या पगारातून काढलेला दिवस मुलाने पाइप बघण्यात घालवला, हे त्याने कुठल्या तोंडाने घरी सांगावं? मुलाच्या रमण्याला लागणारा वेळ तिकिटाने महाग केला, हे त्याच्या ध्यानात यावं तरी कसं?

यावर एक उत्तर ठरलेलं आहे आणि ते खोटं नाही. प्राण्यांना नीट ठेवायचं तर खर्च येतो. अंधाऱ्या, गंजक्या पिंजऱ्यांपेक्षा आजचे मोठे कक्ष कितीतरी बरे, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि जुने पिंजरे परत यावेत असं मी कधीही म्हणणार नाही. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत थंड खोलीत ठेवायचे तर ती खोली बारा महिने थंड ठेवावी लागते. तो पैसा कुठून तरी यायलाच हवा. माझं मागणं एवढंच की पेंग्विनचं तिकीट पेंग्विनच्या दाराशी लावा. बाग ही मुळात बाग आहे. १८६२ मध्ये ती लोकांसाठी उघडली, तेव्हापासून लावलेली, जोपासलेली झाडं तिथे आहेत: गोरखचिंचेचे जाडजूड बुंधे, उर्वशीचे फुलांचे लोंबते तुरे, आणि मुंबईत दुसरीकडे शोधून सापडणार नाहीत अशी कितीतरी. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा भव्य आराखडा आला तेव्हा याच झाडांसाठी मुंबईतली माणसं उभी राहिली, सुनावण्यांना गेली, एकेका झाडाची नोंद करून दाखवली. झाडांच्या सावलीत बसायला पाच रुपये पुरेसे असावेत. शून्य असतील तर फारच छान. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात पुस्तक चाळायला आपण तिकीट लावत नाही. बागही त्याच खात्यात मोडते, वॉटरपार्कच्या नाही.

मुंबईत माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरही भरत नाही. केंद्र सरकारची शहर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं दहा ते बारा चौरस मीटर असावी म्हणतात. या तुटपुंज्या जागेतलीही मैदानं आणि बागा खासगी संस्थांना 'दत्तक' द्यायचं धोरण दर थोड्या वर्षांनी पुन्हा वर येतं, आणि दर वेळी नागरिकांना त्याच हरकती पुन्हा लिहून द्याव्या लागतात.

जी जागा उरते तिचं आपण काय करतो, हेही बघायला हवं. माझ्या घराजवळच्या बागेत आधी माती होती. पावसाळ्यात तिथे डबकं साचायचं आणि बेडकांची पिल्लं दिसायची. चार वर्षांपूर्वी सुशोभीकरण झालं. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत, फायबरचा जिराफ आहे, शहराच्या नावाची मोठाली दिव्यांची अक्षरं आहेत आणि 'हिरवळीवर चालू नये' असा फलक आहे. उद्घाटनाच्या संध्याकाळी सगळ्या सोसायटीने त्या अक्षरांसमोर फोटो काढले, मीही काढला. आता तिथे कोणी उभं राहत नाही. जिराफ एकदा बघून झाला की संपला. तो पुढच्या आठवड्यात वेगळा दिसणार नाही. डबकं मात्र रोज वेगळं असायचं. गोल फिरणाऱ्या शेपट्यांना एके दिवशी पाय फुटायचे, आणि ते कोणी आधी पाहिलं यावरून मुलांची भांडणं व्हायची. बांधकाम खात्याच्या निविदेत डबक्यासाठी रकाना नसतो, हे मला कळतं. डेंग्यूच्या भीतीने साचलेलं पाणी बुजवावं लागतं, हेही कळतं. बागेच्या कोपऱ्यात गप्पी मासे सोडलेला छोटा हौद त्यावर चालू शकतो. पण एका कोपऱ्यात उघडी माती, चढता येईल असं एक बुटकं झाड, बसायला सावलीत बाक आणि स्वच्छ शौचालय यांना कुठलंही तंत्रज्ञान लागत नाही. कमी पैशांत होतात म्हणूनच बहुधा ती यादीत येत नाहीत.

बागांच्या वेळांकडेही बघा. कितीतरी बागा सकाळी उघडतात, दुपारी कुलपात जातात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. मे महिन्यातल्या दुपारी, शाळेला सुट्टी आणि एका खोलीच्या घरात पत्रा तापलेला असताना, सगळ्यात दाट सावली कुलपाच्या आत असते. आमच्या रस्त्यावर एका इमारतीचं काम चालू आहे. तिथल्या मजुरांची चार-पाच मुलं दुपारभर बागेच्या गजांना लटकून आत बघत असतात. संध्याकाळी फाटक उघडतं तेव्हा त्यांना आत सोडतातच असं नाही, ते राखणदाराच्या मनावर असतं. मुलांना खेळण्याचा आणि फुरसतीचा हक्क आहे असं मान्य करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्ये संमती दिली. तिचं एकतिसावं कलम त्या गजांवर डकवावं, असं मला अनेकदा वाटलं आहे.

प्रवास हाही सहलीचाच भाग, आणि मुलांच्या लेखी बहुतेक वेळा तोच मोठा भाग. डोंबिवलीहून निघालं की दिव्यानंतर मुंब्र्याला एका बाजूला खाडी येते आणि दुसऱ्या बाजूला देवीचा डोंगर. रोज जाणारे तेव्हा मोबाइलमध्ये असतात किंवा झोपलेले असतात. रविवारी त्याच डब्यात एखादं मूल खिडकीशी उभं असतं आणि बाजूच्या अनोळखी काकांना विचारतं, "हे समुद्र आहे का नदी?" काका मोबाइल खाली ठेवतात. मी हे स्वतः पाहिलं आहे: त्या काकांनी आधी 'खाडी' म्हटलं, मग खाडी म्हणजे काय हे सांगायला घेतलं, मग भरती-ओहोटीवर आले, आणि कळव्यापर्यंत चार माणसं त्या बोलण्यात सामील झाली. वीस वर्षं त्या खाडीवरून जाणारी माणसं ती त्या सकाळी बघत होती. पण हा रविवार मेगाब्लॉकचाही असतो. रुळांची कामं व्हायलाच हवीत आणि ती रविवारी करणं रेल्वेला सोयीचं आहे. मात्र शनिवारीही कामावर जाणाऱ्या घरांना एकत्र बाहेर पडायला तोच एक दिवस आहे, आणि दीड तास उशिरा आलेल्या तुडुंब गाडीत खिडकी कोणाला दिसते?

बेस्टची जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळावी म्हणून आम्ही भावंडं एक बस सोडून दुसरीची वाट बघायचो आणि बाबा तेवढा वेळ थांबायचे. समोरच्या उघड्या खिडकीतून वारा तोंडावर यायचा, झाडाच्या फांद्या टपाला घासायच्या, दुकानांच्या पाट्या आपल्या उंचीला यायच्या. त्या बस जुन्या झाल्या होत्या, त्या जाणारच होत्या. नव्या विजेवरच्या डबलडेकर थंड आहेत, धूर सोडत नाहीत, आणि मुंबईच्या उकाड्यात वातानुकूलित बस रोज धक्के खाणाऱ्या माणसाला मिळायलाच हवी. पण काच बंद आहे. काचेतून रस्ता दिसतो, चिंचपोकळीचा वास येत नाही. सुट्टीच्या दिवशी साध्या तिकिटात, उघड्या खिडक्यांची एखादी दुमजली बस एखाद्या जुन्या मार्गावर चालवायची, हे बेस्टला आजही न पेलणारं काम नाही. पर्यटकांसाठी खास सेवा म्हणून नको, नेहमीची बस म्हणून.

शाळांवर मी थोडं अधिक बोलणार आहे, कारण तिथे दुरुस्ती सगळ्यात सोपी आहे. लेकीच्या शाळेची गेल्या वर्षीची सहल एका रिसॉर्टला गेली. सकाळी सहाला बस, डोक्यावर एकसारख्या टोप्या, अडीच तास प्रवास, रेनडान्स, जेवण, जादूचे प्रयोग, परत अडीच तास. आल्यावर 'माझी सहल' या विषयावर निबंध. तिने बसच्या ड्रायव्हरकाकांनी आरशाला लिंबू-मिरची का बांधली होती, यावर पानभर लिहिलं. शेरा आला, 'सहलीचे वर्णन अपूर्ण.' त्या बाईंचाही दोष कसा म्हणू, एका वर्गात साठ मुलं आणि तपासायला एक रात्र.

याच राज्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वेगळं काही करून दाखवलेलं आहे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालवाड्या चालवल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे हीच साधनं झाली. वारली मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. मग कुरणशाळा निघाली, शाळाच गुरांमागे कुरणात गेली. रोज तेच कुरण, तीच गुरं, तीच झाडं. त्या ओळखीच्या रानातूनच मोजणी, आकार, निसर्ग शिकवायला सामग्री कमी पडली नाही. या दोघींचे फोटो आपल्या शिक्षण कार्यालयांत लागतात. त्यांचं काम मात्र आपल्या सहलींत कुठे दिसत नाही.

आपल्या प्राथमिक शाळांत 'परिसर अभ्यास' नावाचा विषय आहे. इतकं सुंदर नाव असलेला विषय चार भिंतींत पुस्तकातून उरकला जातो आणि सहल परिसराबाहेर शंभर किलोमीटर जाते. एका वर्गाने वर्षातून चार वेळा एकाच जागी जावं, चालत जाता येईल अशा. आषाढात, अश्विनात, माघात आणि चैत्रात. एक ओढा, एखादं देवराईचं टोक, बाजार, गावाबाहेरचा जुना पार, काहीही चालेल. पुण्यातल्या शाळांना तर टेकड्या दाराशी आहेत. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे काढायचे बेत येतात तेव्हा त्या वाचवायला मोठी माणसं धडपडतात, त्या धडपडीला उद्याची माणसं याच चार फेऱ्यांतून मिळतील. आषाढात पाहिलेला ओढा माघात कुठे गेला, हा प्रश्न मुलांना कोणी विचारायला लागणार नाही. ती स्वतः विचारतील, आणि गावाच्या पाण्याबद्दलचा तो पहिला खरा धडा असेल.

कोणी म्हणेल, हे खेड्यातल्या मुलांना आपोआप मिळतं, शहरवाल्यांना त्याचं अप्रूप. मला तसं दिसत नाही. माझ्या सासरच्या गावात नदीवर जाणारी पायवाट दोन बंगल्यांच्या कुंपणात गेली आहे आणि मुलं घराच्या ओट्यावर मोबाइल बघत बसतात. नदी दोनशे पावलांवर आहे.

यंदाही आम्ही गेलो. लेक आठ वर्षांची झाली आहे. पेंग्विन तिने आपणहून वगळले, "ते मला माहितीयेत," म्हणाली, आणि त्या वाक्याने मी जरा धास्तावले. मोठेपण असंच येतं की काय. पण हत्तीपाशी ती थांबली. घारापुरीची, बोटीची, क्रेनची हकिगत मी तिला सांगून दोन वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिने ती मनात कुठे कुठे फिरवली होती, कोण जाणे.

"आई, क्रेन मोडली तेव्हा क्रेनवाल्या काकांना लागलं का?"

मला माहीत नव्हतं. मी वाचलेल्या कुठल्याच पानावर त्या माणसांचा उल्लेख नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दोर ओढणारी कितीतरी माणसं त्या किनाऱ्यावर असणार. ती कोण होती, कुठल्या गावची, हत्ती कोसळला तेव्हा कुठे उभी होती, असं मी मनातल्या मनात घोळवत उभी राहिले. पाठीमागून गर्दी पुढे सरकत होती. एक आजोबा नातवाला सांगत होते, "हा दगडाचा आहे रे, खरे पुढे आहेत," आणि नातू मागे वळून वळून हत्तीकडे बघत होता.

"शोधूया," मी म्हणाले. ती तोवर हत्तीच्या दुसऱ्या बाजूला गेली होती.